रांग सोडू नकोस

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, एकही खाडा न करता केलास आणि मागितलं ते मिळालं नाही. 'माझ्या त्या पापामुळे देव ऐकत नसेल' ही ओळ तू लिहून खोडलीस, तरी मला वाचता आली. मला त्या खोडलेल्या ओळीलाच उत्तर द्यायचंय.

संत फॉस्टिनाची तसबीर तू टेबलावर ठेवलीस, पण तिची हकीकत तुला कुणी नीट सांगितलेली दिसत नाही. १९०५ साली पोलंडमधल्या एका खेड्यात, गरीब घरातल्या दहा भावंडांत ती तिसरी. शाळा जेमतेम तीन वर्षं. मठात तिच्या वाट्याला स्वयंपाकघर, बाग आणि दारावरचं काम आलं. नव्याने मठात आली तेव्हा तिला बटाट्यांचं भलंमोठं पातेलं पेलवायचं नाही. पाणी निथळताना कधी निम्मे बटाटे सांडायचे. मग ती वेळ आली की ती हळूच मागे सरायची, आणि बाकीच्या सिस्टरांच्या ते ध्यानातही आलं. एका दुपारी तिने हे गाऱ्हाणं देवापुढे मांडलं. त्या संध्याकाळी पातेल्याकडे सगळ्यांच्या आधी तीच धावली. झाकण काढलं तर आत लाल गुलाबांचे गुच्छ दिसले, असं तिने रोजनिशीत लिहिलंय. लोकांना ते गुलाब लक्षात राहतात. मी तिच्या मागे सरण्यापाशी थांबते, कारण तूही सध्या तेच करतो आहेस.

२२ फेब्रुवारी १९३१ ला तिला प्रभूने दर्शन दिलं आणि आपलं चित्र काढून घ्यायला सांगितलं. चित्र तयार झालं १९३४ मध्ये, विल्नियसला. ते पाहून ती रडली, कारण तिने पाहिलेलं सौंदर्य त्यात उतरलं नव्हतं. चित्राची थोरवी रंगात नाही, कुंचल्यात नाही, माझ्या कृपेत आहे, असं उत्तर तिला मिळालं. १९३८ मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी ती क्षयाने गेली. पुढे १९५९ साली तिने सांगितलेल्या दैवी दयेच्या भक्तीच्या प्रसारावर खुद्द रोमने बंदी घातली. ती बंदी उठली १९७८ साली. ३० एप्रिल २००० ला फॉस्टिना संत झाली, आणि ईस्टरनंतरचा रविवार सगळ्या ख्रिस्तसभेसाठी दैवी दयेचा रविवार ठरला. तिच्या मरणानंतरचं यातलं काहीच तिला डोळ्यांनी दिसलं नाही. तू नऊ दिवसांनी हिशेब मांडलास, म्हणून हे सांगते.

त्या चित्राखालच्या 'येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे' या ओळीत मागणी कुठेच नाही, बघ. आपण नोव्हेना बयाण्यासारखा ठेवतो आणि काम झालं नाही की खोट आपल्यात शोधतो. पण दया ही काही मजुरी नव्हे, की चांगल्या माणसाला जास्त आणि वाईटाला कमी मिळावी. फॉस्टिनाला तर उलटंच कळलं होतं: जितका मोठा पापी, तितका त्याचा दयेवरचा हक्क मोठा. हे मला पटायला फार वर्षं लागली. पापनिवेदनाच्या, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायच्या, रांगेतून मी तीनदा परत फिरले आहे. चौथ्यांदा गेले, तेव्हा आत फादरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि क्षमेचे शब्द उच्चारले. एवढंच. बाहेर आले तेव्हा गुडघे थरथरत होते.

आता नवा नोव्हेना लगेच धरू नकोस. दुपारी तीनला, प्रभूच्या मरणाच्या घटकेला, जिथे असशील तिथे मिनिटभर थांब आणि त्याच्या दुःखसहनाकडे नुसतं पाहा. जमलं तर साध्या जपमाळेवर दयेची माळ, म्हणजे दैवी दयेची छोटी प्रार्थना, म्हण. सात-आठ मिनिटांत होते. मन लागलं नाही तरी म्हण. आपल्याला भरून आलं की नाही, यावर भरवसा ठरत नाही.

आणि या शनिवारी रांगेत उभा राहा. सगळ्यात शेवटी सांगायचं ठरवशील ते आत गेल्यावर पहिल्यांदा सांग, नाहीतर ते राहूनच जातं. पुढे चारजण असतील तर त्या चौघांसाठी एकेक नमो मरिया म्हण. पाचवा नंबर तुझा.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करणारी,
ताई