पियानोवरील स्केल आणि बोटांची निवड: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: मी बरीच वर्षे हार्मोनिअम वाजवतो आणि आता पियानो शिकू लागलो आहे. सी मेजर स्केल (स्वरांची क्रमाने चढती-उतरती मालिका), म्हणजे आमची पांढरी एक, वाजवताना तीन स्वरांनंतर अंगठा बोटांखालून पुढे न्यावा असा शिक्षकांचा आग्रह असतो. तो कितपत आवश्यक आहे?

उत्तर: पूर्णपणे आवश्यक आहे. सप्तकाचे स्वर सात (सी मेजरमध्ये सी, डी, ई, एफ, जी, ए, बी) आणि हाताची बोटे पाच असल्यामुळे स्वरांची तीन आणि चार अशी विभागणी करावी लागते. अंगठ्याला १ आणि करंगळीला ५ मानले, तर उजव्या हाताने चढताना १-२-३, १-२-३-४ अशी बोटे पडतात आणि पुढच्या षड्जावर पुन्हा अंगठा येतो. त्यामुळे कितीही सप्तके न अडखळता वाजवता येतात. हार्मोनिअमवर आवाजाचे लहानमोठेपण भात्यावर ठरते, पियानोवर मात्र ते प्रत्येक पट्टीवरील आघातावर ठरते, म्हणून अंगठा उशिरा पोहोचून आदळला की तो स्वर लगेच इतरांपेक्षा मोठा ऐकू येतो. यासाठी दुसरे बोट वाजत असतानाच अंगठा आपल्या पुढच्या पट्टीकडे सरकू लागला पाहिजे. अंगठ्याला हे स्थान तसे उशिराच मिळाले. आपल्या वडिलांनी तरुणपणी ऐकलेले थोर वादक अंगठा केवळ मोठ्या अंतरासाठी वापरत असत, असे जर्मन संगीतकार कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांनी 1753 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवले आहे. हे वडील म्हणजे योहान सेबास्टियन बाख.

प्रश्न: डी मेजरसाठी डाव्या हाताची बोटे पुस्तकात ५ पासून सुरू होतात, तर मुलीच्या शिक्षिका २ पासून सुरुवात करायला सांगतात. परीक्षेत यामुळे गुण जातील का?

उत्तर: गुण जाणार नाहीत. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या परीक्षेत छापील बोटे सुचवलेली असतात, बंधनकारक नसतात. माझ्या मते शिक्षिकांची निवड अधिक चांगली आहे आणि तिचे कारण मुलीलाही समजावून सांगावे. ५-४-३-२-१-३-२-१ या नेहमीच्या क्रमात अंगठा ए आणि डी या स्वरांवर येतो आणि चढताना त्याच्यावरून जाणारे बोट दोन्ही वेळा पांढऱ्या पट्टीवरच उतरते. २-१-४-३-२-१-३-२ या क्रमात अंगठा ई आणि बी वर येतो, तर ओलांडणारे बोट एफ शार्प आणि सी शार्प (एफ आणि सी यांच्या लगेच उजवीकडच्या) या काळ्या पट्ट्यांवर उतरते. काळी पट्टी उंच आणि आत असल्यामुळे लांब बोट तेथे सहज पोहोचते, खाली अंगठ्याला जागा उरते आणि मनगट फिरवावे लागत नाही. संगीतकार आणि पियानोवादक शोपँ आपल्या विद्यार्थ्यांना बी मेजर आधी देत आणि सी मेजर मागे ठेवत, ते याच विचाराने: सी मेजर वाचायला सर्वांत सोपी असली, तरी तिच्यात हाताला टेकायला एकही काळी पट्टी नाही. मात्र परीक्षा अगदी तोंडावर असेल, तर मुलीच्या हातात जो क्रम बसला आहे तोच राहू द्यावा.

प्रश्न: दोन्ही हात स्वतंत्रपणे नीट वाजतात, परंतु एकत्र वाजवताना बोटांचा गोंधळ होतो. काय करावे?

उत्तर: सी मेजरमध्ये दोन्ही अंगठे सप्तकाच्या मध्ये एकाच वेळी येत नाहीत, उजवा एफ वर येतो, डावा जी वर. गोंधळाचे मूळ येथेच आहे. त्यामुळे आधी एकाच सी पासून दोन्ही हात विरुद्ध दिशांना न्यावेत, म्हणजे दोन्हीकडे तीच बोटे एकाच वेळी पडतात. एका दिशेने वाजवताना ई आणि ए वर दोन्ही हातांचे तिसरे बोट एकत्र येते, तो आधार धरावा. बी, डी फ्लॅट (डीच्या लगेच डावीकडची काळी पट्टी) आणि एफ शार्प मेजरमध्ये तर अंगठेही एकत्रच येतात, त्यामुळे ही स्केल दिसायला अवघड असली तरी दोन्ही हातांनी वाजवायला सोपी जातात.

प्रश्न: क्रोमॅटिक स्केलसाठी, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या ओळीने वाजवण्यासाठी, सोपा नियम आहे का?

उत्तर: आहे. प्रत्येक काळ्या पट्टीवर तिसरे बोट आणि पांढरीवर अंगठा ठेवावा. जेथे दोन पांढऱ्या पट्ट्या लागून येतात, तेथे उजव्या हाताने एफ आणि सी वर, तर डाव्या हाताने ई आणि बी वर दुसरे बोट घ्यावे.

प्रश्न: स्केल पाठ आहेत, तरी रचनेत तोच स्वरसमूह आला की शेवटी बोटे कमी पडतात. असे का होते?

उत्तर: रचनेतील धाव बहुधा षड्जापासून सुरू होत नाही. सी मेजरमध्ये उजव्या हाताला जी पासून वरच्या जी पर्यंत जायचे असेल आणि तेथेच वळायचे असेल, तर पाठ केलेल्या क्रमाने शिखरावर दुसरे बोट येते आणि करंगळी वाया जाते. अशा वेळी शेवटच्या स्वरावर ५ लिहावा आणि तेथून उलटे मोजत यावे: जी, एफ, ई, डी, सी यांवर ५-४-३-२-१ आणि त्याखालील बी, ए, जी यांवर ३-२-१. म्हणजे सुरुवात अंगठ्याने होते आणि बोटे पुरतात. हे आकडे पेन्सिलने लिहावेत, कारण वेग वाढवल्यावर एखादे बोट बदलावे लागू शकते.