दुबईला राहायला जाताना नेहमीची औषधं सोबत नेता येतात का?

आईला बीपी-शुगरच्या गोळ्या, शिवाय झोपेची आणि गुडघेदुखीची गोळी चालू आहे, असं तुम्ही लिहिलंय. बीपी-शुगरची काळजी नको. तीन महिन्यांपुरत्या गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. डब्यात सुट्या काढून ठेवू नका, आणि चिठ्ठीवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. इथले ब्रँड तिथे कुणी ओळखेलच असं नाही.

खरी अडचण उरलेल्या दोन गोळ्यांची आहे. आज घरी गेल्यावर पाकिटाची मागची बाजू वाचा. अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, ट्रामाडोल, प्रीगॅबलिन किंवा कोडीन यांपैकी काही असेल, तर ते युएईत नियंत्रित औषध आहे. त्यासाठी निघण्याआधी तिथल्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. चिठ्ठी आणि डॉक्टरांचा अहवाल जोडावा लागतो, आणि मुभा साधारण एका महिन्याच्या साठ्याचीच असते. ट्रामाडोल आपल्याकडे पॅरासिटामोलसोबत एकाच गोळीत येतं, म्हणून पटकन लक्षात येत नाही. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, तीही तपासा.

मी असतो तर आधी डॉक्टरांनाच विचारलं असतं, की या दोन्ही गोळ्यांना साधा पर्याय आहे का. मात्र झोपेची गोळी स्वतःहून अचानक बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

सगळी औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. आणि आईंच्या मसाल्याच्या पुड्यांत खसखस असेल तर ती काढा, तिथे तिच्यावर बंदी आहे.