६० जीबी डिलीट केलं तरी एसएसडी स्लोच. किती टक्के रिकामी ठेवावी?

आमच्या बेळगावात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, ते कायद्यातच आहे. एसएसडीत किती टक्के मोकळं लागतं ते कुणी ठरवून दिलेलं नाही. मी १५ ते २० म्हणतो. पण ६० जीबी उडवूनही कॉपी रखडत असेल, तर टक्क्यांचा हिशोब नंतर करा. हे माझ्यावर बेतलंय, तेही घरच्याच माणसामुळे.

शहापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे, जोडीला डीटीपी. मागे एकदा दुकानातल्या पोरानं एडिटिंगच्या मशीनवरून हळदीचा अख्खा फोल्डर शिफ्ट-डिलीट केला. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला फाइलींची नावं सापडली, आत मात्र काही नाही. भाऊबीजेला ताई-दाजी आले. दाजी पुण्यात आयटीत, त्यामुळे आमच्याकडे कॉम्प्युटरच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, "ट्रिम चालू होतं म्हणून गेलं रे. बंद करून टाकतो. आता डिलीट झालं तरी काढता येतंय बघ." एक ओळ टाइप केली, एंटर मारला. मी वर त्यांना कुंदा खायला घातला.

पुढच्या लग्नसराईत मशीन बसलं. वीस मिनिटांच्या एक्स्पोर्टला दीड तास. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि राइट स्पीड सेकंदाला १२ एमबी. समोर बाकावर खानापूरकडचे नवरीचे वडील पेनड्राइव्ह हातात धरून बसलेले, दर दहा मिनिटांनी "किती वेळ लागंल ओ अजून?" मी चार जुनी लग्नं उडवली, ११० जीबी मोकळं केलं. ड्राइव्हची लाल पट्टी निळी झाली. स्पीड तोच. जिथून ड्राइव्ह घेतला होता त्यांना फोन केला, तर न बघताच "गेलाय, नवीन घ्या."

गेला नव्हता. एसएसडीतल्या फ्लॅश चिपवर जुन्यावर नवीन लिहिता येत नाही. लिहायचं पानापानानं, पण पुसायचं मात्र अख्खा ब्लॉक, म्हणजे शेकडो पानं एकदम. तुम्ही डिलीट करता तेव्हा विंडोज फक्त आपल्या नोंदीतून नाव काढतं. उताऱ्यावरचं नाव कमी झालं, पण घरात भाडेकरू तसाच. घर रिकामं झालंय हे ड्राइव्हला कळवणारा निरोप म्हणजे ट्रिम. तो बंद असला की ड्राइव्हच्या लेखी ती चार लग्नं अजून जिवंतच. एखादा ब्लॉक पुसायचा तर आधी त्यातले मेलेले फोटो उचलून दुसरीकडे लिहायचे, मग पुसायचं, मग तुमचं काम. वेग जातो आणि ड्राइव्हचं आयुष्यही झिजतं.

माझा ड्राइव्ह ४८० जीबीचा. अशांच्या आत बहुधा ५१२ ची चिप असते, वरची जागा कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्हचा कारभार बघणारी चिप, स्वतःच्या उलाढालीला ठेवतो. ट्रिम बंद, त्यामुळे तेवढ्याच तुकड्यावर माझा सगळा धंदा चालला होता. पट्टीवर ११० जीबी मोकळे दिसत होते ते फक्त मला आणि विंडोजला.

तुम्ही आधी हे बघा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि एफएसयूटिल बिहेवियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय (fsutil behavior query DisableDeleteNotify) टाका. नाव उलटं आहे, फसू नका: ० आलं तर ट्रिम चालू, १ आलं तर बंद. माझ्याकडे १. क्वेरीच्या जागी सेट लिहून शेवटी ० दिलं की चालू होतं. पण त्यानं पुढच्या डिलीटचीच सोय होते, आधी उडवलेल्याचा निरोप ड्राइव्हला गेलेलाच नसतो. त्यासाठी विंडोजमधलंच ऑप्टिमाइझ ड्राइव्हज चालवायचं, ते सगळ्या मोकळ्या जागेची यादी ड्राइव्हला नव्यानं देतं. एसएसडीवर ते फाइलींचे तुकडे जुळवणारं जुनं डीफ्रॅग नव्हे, घाबरू नका. त्या रात्री मशीन नुसतं चालू ठेवलं, कारण ड्राइव्ह साफसफाई करतो ती निवांत असताना. आमचे बाबा दुकान बंद करताना मेन स्विच पाडतात, त्या दिवशी त्यांच्याशीही वाजलं. सकाळी तेच एक्स्पोर्ट बावीस मिनिटांत.

दाजींचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक नाही. ट्रिम बंद असेल तर डिलीट झालेलं परत मिळायची शक्यता वाढते. पण हा चोराच्या भीतीनं दारच भिंतीत चिणण्यातला प्रकार झाला. लोकांची लग्नं सांभाळायची तर दोन हार्ड डिस्क घ्या, एक दुकानात, एक घरी. माझ्या दोन डिस्क मिळून खर्च झाला तो दाजींच्या नव्या फोनच्या निम्माही नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. ते म्हणाले, "तुला सेटिंग नीट कळलं नाही."

आता हे आधी लिहायला हवं होतं: काही परत काढायचं असेल तर ते पहिलं काढा, ऑप्टिमाइझ नंतर. ते चाललं की विसरा. तुमचे ६० जीबी रिसायकल बिनमध्येच पडलेले असतील तर ते डिलीटच झालेले नाहीत. ड्राइव्ह यूएसबीच्या केसमध्ये असेल तर बऱ्याच स्वस्त केस ट्रिमचा निरोप आत पोचवतच नाहीत. आणि मोठी कॉपी सुरुवातीला पळून मग अचानक रखडत असेल तर तो स्वस्त ड्राइव्हचा स्वभाव: मोकळी जागा तो तात्पुरती वेगवान कॅश म्हणून वापरतो, ड्राइव्ह भरत गेला की ती कॅशही आक्रसते. माझे १५ ते २० टक्के त्यासाठीच.

गणपतीला दाजी येणार आहेत. ॲडमिनचा पासवर्ड बदललाय, तो फक्त ताईला माहीत आहे.