जेटेबल हव्या त्या ओळीपर्यंत सरकवताना

जावा स्विंग या खिडक्या-बटणे बनवण्याच्या संचातील जेटेबलमध्ये, म्हणजे पडद्यावर तक्ता दाखवणाऱ्या घटकात, थेट अमुक ओळीवर नेणारी मेथड (बोलावता येणारी क्रिया) नाही. म्हणून गेटसेलरेक्टने त्या सेलचा आयत मिळवावा आणि तो टेबलाच्याच स्क्रोलरेक्टटूव्हिजिबल या मेथडला द्यावा. नुसत्या सेटरोसिलेक्शनइंटरव्हलने ओळ निवडली जाते, टेबल सरकत नाही. बहुतेकांचा घोळ मात्र पुढे होतो: नवी ओळ जोडल्याबरोबर स्क्रोल केल्यास टेबलाची उंची अद्याप वाढलेली नसू शकते आणि शेवटची ओळ खाली दडून राहू शकते, त्यामुळे हे काम स्विंगयुटिलिटीजच्या इन्व्होकलेटरकडे, म्हणजे हातातली कामे संपल्यावर ते चालवणाऱ्या मेथडकडे, सोपवावे. टेबल सॉर्ट केलेले असेल, तर मॉडेलमधील (टेबलामागच्या मूळ माहितीतील) ओळीचा क्रमांक आधी कन्व्हर्टरोइंडेक्सटूव्ह्यूने पडद्यावरच्या क्रमांकात बदलून घ्यावा. फिल्टरमुळे ओळ लपलेली असल्यास उत्तर उणे १ येते, तेही तपासावे.