मीटर दुसऱ्या गाडीचा, नोटीस माझ्या नावाची

प्रश्न : माझी १९६८ सालची गाडी होती. तिचा स्पीडोमीटर कायमचा बंद पडला. दुरुस्ती जमेना, तेव्हा गॅरेजवाल्याने भंगारात निघालेल्या दुसऱ्या मॉडेलचे स्पीडोमीटर, पेट्रोलचा काटा आणि अँमीटर (विद्युतप्रवाह दाखवणारा काटा) बसवून दिले. पुढे गाडी विकताना जाहिरातीत मी ‘गाडी मूळ स्थितीत, मीटरवर ४१ हजार’ असं लिहिलं. घेणाऱ्याने स्वतःचा मेकॅनिक आणून गाडी तपासली आणि आठ महिने चालवली. आता व्हिंटेज नोंदणीची तयारी करताना मीटर मूळचे नाहीत हे त्याला कळलंय. बेकायदेशीर बदल आणि फसवणूक केल्याचा आरोप करत त्याने वकिलामार्फत पूर्ण रक्कम परत मागितली आहे, नाहीतर पोलिसांत जाणार म्हणतो. माझा खरंच गुन्हा झालाय का? जुना मीटर अजून माझ्या कपाटात आहे.

उत्तर : नोटिशीतला बेकायदेशीर बदलाचा आरोप सगळ्यात मोठ्या आवाजात केलेला आहे आणि तोच सगळ्यात पोकळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. ‘बदल’ कशाला म्हणायचं हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे : रचनेत असा फरक, की ज्यामुळे गाडीचं मूलभूत वैशिष्ट्यच बदलतं. के. जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं, हे खरं. तरी आरसीवर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, इंधन, आसनं असा तपशील असतो, डॅशबोर्डवरचे काटे तिथे कुठेच नसतात. समोरचे वकील २०१९ च्या दुरुस्तीतलं कलम १८२अ(४) पुढे करतील. कायद्याला मान्य नसलेले सुटे भाग बसवणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, असं ते कलम आहे. बंद स्पीडोमीटरच्या जागी चालू स्पीडोमीटर बसवणं त्यात ओढून आणणं अवघड आहे.

व्हिंटेज नोंदणीचंही तसंच. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली गाडी त्यात बसते. ती मूळ स्वरूपात जपलेली हवी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको. नियमाने नावं घेतली आहेत ती या तिघांची. तपासणी करणारी समिती मीटरकडे पाहून भुवया उंचावेल की नाही, याची हमी मात्र मी देणार नाही, तुम्हीही घेणाऱ्याला देऊ नका.

तुमची खरी अडचण त्या ४१ हजारांत आहे. हा आकडा तुमच्या गाडीचा नाहीच, भंगारात गेलेल्या गाडीचा आहे. शिवाय मीटर बसवल्यानंतरचं अंतरही त्यावर बरोबर पडलं असेलच असं नाही. केबलवर चालणारा स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून येणारे फेरे मोजतो आणि मैलाला किती फेरे धरायचे हे मॉडेलगणिक वेगळं असतं. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या मीटरच्या तबकडीवर हा आकडा बारीक अक्षरात छापलेलाच असतो. समजा, मीटर १२८० फेऱ्यांचा आहे आणि तुमच्या गाडीची केबल मैलाला १००० फेरे देते. मग प्रत्यक्ष वेग १०० असताना काटा ७८ च्या आसपास राहील आणि अंतरही त्याच प्रमाणात कमी नोंदलं जाईल. गॅरेजवाल्याने हा हिशेब केला होता का, ते आधी त्याला विचारा. केला नसेल तर घेणारा आजही काट्यावर विसंबून भरधाव जात असेल, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली अतिवेगाचा दंड ठोठावताना मीटर काय दाखवत होता हे कोणी विचारत नाही.

आता भारतीय करार कायदा, १८७२. कलम १७ प्रमाणे नुसतं गप्प बसणं एरवी कपट ठरत नाही. कलम १९ चा अपवाद तर तुमच्या बाजूचा वाटेल : गैरसमज चुकीच्या निवेदनामुळे किंवा कपटी मौनामुळे झाला असेल, पण साधी काळजी घेऊन खरं शोधता आलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. त्याने मेकॅनिक आणला होता आणि दुसऱ्या मॉडेलची तबकडी जाणकाराला ओळखता येते. इथवर ठीक. पण तुम्ही गप्प बसला नाहीत, ‘मूळ स्थितीत’ असं लिहिलंत, आणि मीटर मूळचे नाहीत हे तुम्हाला ठाऊक होतं. जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला हा अपवाद वाचवत नाही. ‘माझ्या मनात बॉडी आणि इंजिन होतं’ हा बचाव करता येईल, पण ‘मीटरवर ४१ हजार’ हे शब्द लगेच शेजारी असताना तो फार जोर धरणार नाही. स्पष्ट सांगतो, इथे तुमची बाजू लंगडी आहे.

म्हणून पूर्ण रक्कम द्यावी लागेल का? मला तसं वाटत नाही. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम १३ आणि ४२ चा रोख असा, की माल स्वीकारून रास्त मुदतीत नाकारला नाही, तर सहसा नुकसानभरपाईच मागता येते. आठ महिने गाडी वापरल्यावर व्यवहारच उलटवायचा तर त्याला कपट सिद्ध करावं लागेल, आणि ते केल्यावरही हा वापर त्याच्या आड येईल. फसवणुकीच्या फौजदारी गुन्ह्यासाठी विकतानाच अप्रामाणिक हेतू होता हे दाखवावं लागतं. गॅरेजचं बिल आणि जपून ठेवलेला जुना मीटर तिथे तुमच्या उपयोगी पडेल. तुम्ही गाड्यांचे व्यापारी नाही, त्यामुळे ग्राहक आयोगाची भीती धरू नका.

उत्तर मुदतीत आणि वकिलामार्फतच द्या. बेकायदेशीर बदल आणि फसवणुकीचा आरोप नाकारा. तडजोड म्हणून, कोणतीही जबाबदारी मान्य न करता, जुना मीटर देण्याची आणि तो दुरुस्त करून बसवण्याचा खर्च उचलण्याची तयारी दाखवा. ती मान्य झाली तर दोघांच्या सहीचा समझोता करा, त्यात आणखी दावा उरलेला नाही हे वाक्य हवंच. तोवर फोनवर भांडू नका, दिलगिरीचे व्हॉट्सॲप संदेश पाठवू नका आणि जुनी जाहिरात काढून टाकू नका. पुरावा मिटवल्याचा संशय जाहिरातीपेक्षा जास्त नडतो.

उत्तरात एक गोष्ट त्याने न विचारता कळवा. जुन्या धाटणीच्या अँमीटरमधून गाडीचा जवळपास सगळा विद्युतप्रवाह जातो. दुसऱ्या गाडीचा अँमीटर या गाडीच्या भाराला पुरेसा नसेल किंवा त्याची जोडणी सैल असेल, तर वायरिंग पेटू शकतं. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्यायला लेखी सांगा. उद्या आग लागली आणि तुम्ही काही बोलला नव्हता असं निघालं, तर आजची नोटीस किरकोळ वाटेल.

आरसी त्याच्या नावावर झाली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आजच तपासा. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, असं धरलं आहे. हस्तांतर अर्धवट राहिलं असेल आणि त्या गाडीने अपघात झाला, तर भरपाईच्या दाव्यात तुमचं नाव येईल. तसं असेल तर नोटिशीचं उत्तर आणि हस्तांतराचे कागद एकाच आठवड्यात मार्गी लावा.