इमर्जन्सीचं रोटेशन: रात्री दोन वाजता ईसीजी कोणाला दाखवाल?

इमर्जन्सी विभागातल्या रोटेशनबद्दल, म्हणजे तिथे काही आठवडे काम करत शिकण्याबद्दल, वैद्यकीयच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे तेच तेच प्रश्न दर वर्षी येतात, म्हणून यंदा एकत्रच उत्तरं देतो.

दोन आठवड्यांचं रोटेशन घेऊ की चार?

चार. पहिला आठवडा कुठलं सामान कुठल्या ट्रॉलीत आहे हे कळण्यातच जातो.

मला त्वचारोगात जायचंय. इमर्जन्सी घेऊन काय उपयोग?

औषधाच्या ॲलर्जीने तुमच्यासमोर एखाद्याचा श्वास कोंडला, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन तुम्हालाच द्यावं लागेल. प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम. तेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो.

सगळे सांगतात, मोठंच रुग्णालय घे, तिथे केसेस भरपूर. खरं का?

हे 'सगळे' तिथे किती रात्री थांबले होते, ते आधी विचारा. केसेस किती, यापेक्षा रात्री दोन वाजता हातात ईसीजी आला तर तो दाखवायला कोण असेल, हे महत्त्वाचं.

विद्यार्थी असताना मी अशाच एका गर्दीच्या विभागात होतो. मधुमेह असलेल्या एक आजी आल्या. छातीत दुखत नव्हतं. मळमळ आणि दरदरून घाम, एवढंच. ईसीजी मीच काढला. लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी उचललेला, म्हणजे हार्ट अटॅकची खूण, वाटला, पण खात्री नव्हती. सीनियर दुसऱ्या रुग्णात अडकलेले. मी कागदाची घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवली आणि चाळीस मिनिटं वाट पाहिली. असा ईसीजी 10 मिनिटांत काढून जाणत्या डॉक्टरने वाचायला हवा, हे मला तोंडपाठ होतं! आजी वाचल्या, पण हृदयाचं जे नुकसान त्या वेळात झालं ते भरून आलं नाही. चूक माझीच. पण विद्यार्थ्याने हाक कोणाला मारायची, हे तिथे कोणी ठरवलेलंही नव्हतं.

म्हणून अर्ज करण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रत्येक शिफ्टला शिकवणारा सीनियर नेमलेला असतो का? रुग्णाला आधी आपण तपासून मग त्यांना सांगायचं, अशी पद्धत आहे का? रुग्णाला घरी सोडण्याआधी त्याला सीनियर स्वतः पाहतात का? नुकतंच तिथलं रोटेशन संपवलेल्याला गाठा, मग आपल्या विभागप्रमुखांशी बोलून ठरवा. गर्दी नसलेलं पण शिकवणारं ठिकाण मी डोळे मिटून निवडीन.

एक एजन्सी पैसे घेऊन 'दहा इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) नक्की' म्हणते. जाऊ का?

मुळीच नाही. कोणाचा श्वास कधी अडेल याची हमी कोण देणार? अशी हमी विकणाऱ्याला रुग्णाची पर्वा नाही. नळी घालायला आधी मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर शिका, मग सीनियर शेजारी उभे असताना. पैसे भरून झाले असतील, तर आजच महाविद्यालयाला कळवा.

पंधरा दिवसांवर रोटेशन आलंय आणि हेपटायटिस बी लसीचा एकच डोस झालाय. चालेल का?

इतके दिवस का थांबलात? नेहमीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासतात. पुढचा डोस केव्हा आणि तोवर कुठलं काम टाळायचं, हे रोटेशनआधीच कर्मचारी आरोग्य विभागाला विचारा. सुई टोचली तर लाजेपोटी लपवू नका. जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लगेच सीनियरना सांगा. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं लागणार असतील तर ती काही तासांतच सुरू व्हायला हवीत. 72 तासांनंतर सहसा देत नाहीत. 'शिफ्ट संपल्यावर बघू' म्हणू नका.