कुंडीतल्या लिंबाची पानं हिवाळ्यात का गळतात?

तुमच्या प्रश्नात 'घरात आणल्यावर महिन्याभरात अर्धी पानं गळाली, पाणी तर रोज घालतो' असं आहे. गोम त्या 'रोज'मध्येच आहे.

लिंबूवर्गीय झाडांची मुळं साधारण १२-१३ अंशांखाली जवळजवळ काम थांबवतात. खिडकीतल्या उन्हाने पानं तापतात, पण कुंडी गार फरशीवर असेल तर मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि झाड पानं टाकून मोकळं होतं. आपल्याला वाटतं तहान लागली, म्हणून आपण आणखी पाणी ओततो आणि मुळं कुजवतो!

कुंडी लाकडी पाटावर ठेवा. वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी द्या, तेही कोमट. दक्षिणेकडची खिडकी असली तरी (उत्तर गोलार्धात) उंच अक्षांशांवर, म्हणजे विषुववृत्तापासून लांबच्या भागांत, हिवाळ्यातला उजेड अपुराच. १२ तास ग्रो लाइट (झाडांच्या वाढीसाठीचा दिवा) लावा. हीटरजवळ मात्र नको. फुलं आली तर मऊ ब्रशने परागीभवन करा, घरात मधमाश्या कुठून येणार?

एवढी उठाठेव नको असेल तर अंजीर लावा. ते हिवाळ्यात पानं झाडून झोपतं, गोठणबिंदूच्या थोडं वर राहणाऱ्या अंधाऱ्या गॅरेजमध्येही चालतं. सफरचंदाचं झाड मात्र उबदार खोलीत ठेवू नका, त्याला थंडीची गरजच असते.